बघू का, की राहू दे? मराठी चित्रपटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट बघून आले की ओळखीतले लोक मला जे हमखास विचारतात, ते इथे एकदाचं लिहून ठेवलंय. बहुतेक चित्रपट २०२३ ते २०२५ मधले आहेत, काही त्याआधीचे. मतं माझी. शेवट कुणाचाच फोडलेला नाही. आणि 'चांगला आहे का?' एवढंच विचारलंत तर मी उलट विचारणार, की कुणाबरोबर बघणार आणि कुठे? त्याशिवाय उत्तर देण्यात अर्थ नसतो.

'दशावतार' थिएटरमध्ये हुकला. आता घरी बघण्यात मजा आहे का?

आहे, पण मोबाइलवर बघू नका. सुबोध खानोलकरांचा हा चित्रपट १२ सप्टेंबर २०२५ ला आला. त्या वर्षी ज्या मोजक्या मराठी चित्रपटांना खरी गर्दी झाली, त्यांतला हा एक. त्याचा निम्मा जीव कोकणातल्या रानात आहे आणि निम्मा दिलीप प्रभावळकरांच्या चेहऱ्यात. या दोन्ही गोष्टींना पडदा मोठा लागतो. घरी बघायचाच तर दिवे बंद करा, आवाज वाढवा आणि मध्ये कुकरच्या शिट्ट्या होणार नाहीत अशी वेळ निवडा.

बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट, म्हणजे कोकणातल्या जत्रांत होणाऱ्या दशावतार या लोकनाट्यातला. नजर अधू होत चाललेली, मुलाचा हट्ट की आता थांबा, आणि पाय मात्र रंगमंचावरून निघत नाही. 'रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा' ही कोकणातली म्हण दशावताऱ्यांवरूनच आली. पूर्वार्धभर ती मनात घोळत राहते. प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते, हे लक्षात ठेवून त्यांच्या हालचाली बघा.

उत्तरार्धात गोष्ट खाणीकडे आणि सूडाकडे वळते. तिथे चित्रपट सैल पडतो. वाईट माणसं पहिल्या क्षणापासून वाईटच दिसतात, त्यामुळे त्यांची भीती वाटत नाही. संगणकावर केलेली काही दृश्यं तर उघडीच पडतात. पण विषय हवेतला नाही. दोडामार्ग तालुक्यातल्या कळण्याच्या लोहखनिज खाणीचं आणि तिला झालेल्या विरोधाचं प्रकरण ज्यांना ठाऊक आहे, त्यांना हा राग कुठून आला ते सांगावं लागणार नाही. तेवढ्यासाठी मी उत्तरार्धाचे दोष पोटात घालते. तुम्ही घालालच असं नाही.

'दशावतार'मधली मालवणी नीट कळत नाही. अडेल का?

नाही अडणार. उलट तक्रार कोकणातल्या आणि पेडण्याकडच्या लोकांची असू शकते. ज्यांनी जत्रेत पहाटेपर्यंत बसून दशावतार पाहिलाय, त्यांना माहीत असतं की तिथे लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरतं आणि नट संवाद आयत्या वेळी रचतात. त्या हजरजबाबीपणाची गंमत चित्रपटात अजून हवी होती.

'साबर बोंडं' आईवडिलांबरोबर बघू का?

या एका चित्रपटाबद्दल जितक्या दबक्या आवाजात विचारणा होते, तितकी दुसऱ्या कशाबद्दल होत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रोहन परशुराम कानवडे यांचा हा पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथाचित्रपट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार त्याला मिळाला, आणि १९ सप्टेंबर २०२५ ला तो आपल्याकडे थिएटरांत आला. मुंबईत कॉल सेंटरवर काम करणारा आनंद वडील गेल्यावर दहाव्यापर्यंत गावी राहतो. सुतकाचे नियम, येणारेजाणारे, आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच विषय: याचं लग्न कधी? गावात त्याचा लहानपणीचा मित्र बाळ्या आहे. त्याच्याही घरात लग्नाचाच धोशा. या दोघांमधलं प्रेम चित्रपट फार हळुवार हाताने उलगडतो.

कुणी किंचाळत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा एका जागी ठेवलेला आणि माणसं त्यात येतात-जातात. मला सगळ्यात आवडली ती आई. जयश्री जगताप यांनी तिला असं उभं केलंय की मुलाचं सगळं तिला माहीत आहे, ती त्याच्या बाजूनेही आहे, पण नातेवाइकांसमोर काय बोलायचं आणि काय नाही याचा तिचा हिशोब वेगळा चालू असतो. आपल्या घराघरांत अशी एक तरी बाई असते.

आता मूळ प्रश्न. दोन पुरुषांची जवळीक पडद्यावर आहे, ती सूचकतेवर सोडलेली नाही. तुमचे आईवडील चित्रपट चालू असताना 'हे काय दाखवतायत' म्हणणारे असतील, तर आधी एकट्याने बघा आणि मग ठरवा. पण त्यांना झेपणार नाही असं परस्पर गृहीतही धरू नका. सुतक, भाऊबंदकी, 'लोक काय म्हणतील' हे सगळं त्यांना तुमच्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे. माझ्या शेजारच्या रांगेत साठीच्या पुढचं एक जोडपं होतं. मध्यंतरात ते दोघं दहाव्याला काय चालतं आणि काय चालत नाही, यावर वाद घालत होते. बाकी कशावर नाही.

'स्थळ' बघायला हिंमत होत नाही. फार रडवतो का?

रडवत नाही, चिडवतो. आणि मध्ये मध्ये चांगलंच हसवतोही, हे लोकांना बघेपर्यंत खरं वाटत नाही.

जयंत सोमलकरांचा हा चित्रपट चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात घडतो. सविता शिकतेय, तिला पुढे काहीतरी करायचंय, आणि घरी तिच्यासाठी स्थळं येतायत. सुरुवातीलाच सगळं उलटं करून दाखवलंय: मुलगा पाटावर आणि प्रश्न विचारणाऱ्या मुली. त्या प्रसंगाला अख्खं थिएटर हसतं. मग खरा कार्यक्रम सुरू होतो. पाहुणे, चहा-पोहे, नाव काय, उंची किती, कूळ कोणतं, छंद काय. पुन्हा पाहुणे, पुन्हा तेच. ही पुनरावृत्ती मुद्दाम केलेली आहे. तिसऱ्या वेळेला प्रेक्षक हसायचे थांबतात. दिग्दर्शकाला नेमकं तेच हवं आहे.

बाप कापसाच्या भावाकडे डोळे लावून बसलेला, कारण लग्न त्या भावावर अवलंबून आहे. हुंड्याबद्दल मराठीत आधी पुष्कळ सांगून झालंय, पण शेतमालाचा भाव आणि मुलीचं लग्न यांची गाठ इतकी साधेपणाने क्वचितच दाखवली गेली असेल. कलाकार बहुतेक गावातलेच, आधी कधी कॅमेऱ्यासमोर न गेलेले. नंदिनी चिकटेला सविता म्हणून बघताना ती अभिनय करतेय असं वाटतच नाही. टोरांटोच्या महोत्सवात २०२३ मध्ये याला आशियाई चित्रपटांसाठीचा नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे थिएटरला यायला मार्च २०२५ उजाडला.

ज्यांच्या घरात सध्या 'बघण्याचे कार्यक्रम' चालू आहेत, त्यांनी सहकुटुंब बघावा. मुलाकडच्यांनी तर नक्कीच.

डोक्याला ताप नको, नुसतं हसायचंय. काय बघू?

'गुलकंद' (मे २०२५). 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'वाले सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे यांचा आहे, म्हणजे विनोदाची जात तुम्हाला माहीत आहे. समीर चौघुलेंना बघायला जा, गोष्टीकडून फार अपेक्षा ठेवू नका.

काळा विनोद चालत असेल तर परेश मोकाशींचा 'वाळवी' (२०२३). बायकोचा काटा काढायचा बेत आखलेले दोन प्रेमी, आणि पहिल्याच फटक्यात फसलेला बेत. दोन तासांच्या आत संपतो, एक वाक्य जास्तीचं नाही. याबद्दल मी कुणालाच याहून जास्त सांगत नाही. ट्रेलरही बघू नका.

आणि ज्यावर लोकांनी अन्याय केला असं मला वाटतं तो 'आत्मपॅम्फ्लेट', ऑक्टोबर २०२३. आशिष बेंडे दिग्दर्शक, लेखन मोकाशींचं. शाळेतल्या मुलाचं एकतर्फी प्रेम आणि त्याच्या आजूबाजूला ऐंशी-नव्वदच्या दशकातला भारत: जात, मंडल, बाबरी. निवेदन एवढं भरभर धावतं की एक विनोद कळेपर्यंत दुसरा येतो. बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला, पुढे दिग्दर्शकीय पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला, पण माझ्या माहितीतल्या निम्म्या लोकांनी नावही ऐकलेलं नाही. शाळेच्या ग्रुपवर टाका आणि सगळे मिळून बघा.

'जारण' किती घाबरवतो?

दचकवतो कमी, अस्वस्थ जास्त करतो. दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते मुळात लेखक, त्यामुळे भुतापेक्षा मनातल्या गुंत्यावर भर. अमृता सुभाष आणि अनिता दाते या दोघींसाठी बघा. रात्री एकट्याने बघितला तरी झोप लागेल, पण विचार करत पडाल.

सात-आठ वर्षांच्या मुलांना काय दाखवता येईल?

'नाळ २'. २०२३ चा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला आहे. तो नसता तरी मी हेच नाव सांगितलं असतं. चैत्या आणि त्याची छोटी बहीण चिमी यांचं रुसणं-मनवणं बघताना मुलं अजिबात चुळबुळ करत नाहीत. आधी पहिला 'नाळ' दाखवलात तर उत्तम.

प्रमाणपत्रही बघत जा. नोव्हेंबर २०२४ पासून 'यूए'चे, म्हणजे मुलांनी पालकांच्या सल्ल्याने बघायच्या चित्रपटांचे, तीन भाग झालेत: ७ वर्षांवरील, १३ वर्षांवरील आणि १६ वर्षांवरील. तिकीट काढतानाच ते दिसतं. तरीही पालक १६ वर्षांवरील प्रमाणपत्राच्या चित्रपटाला पाच वर्षांचं मूल घेऊन येतात आणि मग अर्धा वेळ जिन्यात उभे असतात.

आणि शिवकालीन चित्रपट? मुलांना दाखवावेत ना?

दिग्पाल लांजेकरांच्या शिवराज अष्टकातला एकच निवडायचा तर 'पावनखिंड' (२०२२). खिंडीतला भाग थिएटरमध्ये गर्दीत बघण्यासारखा होता, घरी तो जोर अर्धा होतो. या मालिकेत पुढे पुढे त्याच त्या गोष्टी येत राहतात: तोच संथगती वार, तीच आरोळी, तेच गाणं वेगळ्या चालीत. मुलांना आवडतं, मोठ्यांना घड्याळ दिसू लागतं.

'छावा' हिंदी आहे, लक्ष्मण उतेकरांचा, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरचा. त्याबद्दल एकच सांगते: शेवटची वीस-पंचवीस मिनिटं लहान मुलांसाठी नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुलं थिएटरमध्ये रडतानाचे व्हिडिओ लोक अभिमानाने टाकत होते. मला ते बघवत नव्हतं.

आई, मावशी, काकू अशा आठजणी आहेत. त्यांच्यासाठी?

'बाईपण भारी देवा' त्यांनी २०२३ मध्येच नऊवारी नेसून बघितला असणार. नसेल तर तोच. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा आणि घरोघरच्या न बोललेल्या गोष्टी. केदार शिंदेंनी गोष्ट जरा भडक रंगवलीय, पण वंदना गुप्ते आणि रोहिणी हट्टंगडी पडद्यावर असताना ते खटकत नाही. दुसरा पर्याय 'झिम्मा'. 'झिम्मा २' पहिल्यापेक्षा फिका, तरी ग्रुपमध्ये निभावतो.

पुरस्कार मिळालेले चित्रपट कंटाळवाणेच असतात ना?

'वाळवी'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार आहे. तो बघून मग हा प्रश्न पुन्हा विचारा.

पण प्रश्नामागचा अनुभव खोटा नाही. चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' लावून अर्ध्या तासात उठलेले लोक मी पाहिलेत. २०१४ मध्ये व्हेनिसला दोन पुरस्कार, मग राष्ट्रीय पुरस्कारात सर्वोत्कृष्ट चित्रपट, आणि घरच्या सोफ्यावर: 'यात काही घडतच नाही.' खरं म्हणजे घडतं, फक्त कॅमेरा तुम्हाला कुठे बघायचं ते सांगत नाही. एका शाहिरावर खटला चालतो आणि चित्रपट मधूनच सरकारी वकीलबाईंच्या मागे त्यांच्या घरी जातो, स्वयंपाक बघतो, त्यांच्याबरोबर नाटकाला जातो. कोर्टात निर्विकारपणे कलमं वाचून दाखवणारी बाई बाहेर किती साधी, चारचौघींसारखी आहे हे कळतं आणि त्यानंतर कोर्टातलं प्रत्येक वाक्य जास्त भीतिदायक वाटायला लागतं. गीतांजली कुलकर्णींचं हे काम एकदा तरी पाहाच.

त्यांचाच 'द डिसायपल' नेटफ्लिक्सवर आला होता. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांनी बघावा, शिकणाऱ्यांनी जपून बघावा. आपण त्या उंचीला पोचणार नाही हे हळूहळू कळत जाण्याची ती गोष्ट आहे. रात्री रिकाम्या रस्त्यावर मोटरसायकल चालवताना नायकाच्या कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरूंच्या गुरूंची, व्याख्यानं वाजत असतात. तो आवाज सुमित्रा भावे यांचा आहे.

हे दोन्ही चित्रपट जेवताना बघायचे नाहीत. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येत नसेल तर सरळ 'गुलकंद' लावा, त्यात काही कमीपणा नाही.

दोन महिन्यांत ओटीटीवर येईलच. तिकिटाला पैसे का घालू?

'मराठी आहे म्हणून बघा' हे मला पटत नाही. वाईट चित्रपटाला भाषेच्या नावाने तिकीट काढायला लावणं ही प्रेक्षकाची फसवणूक आहे. पण थिएटरचं गणित माहीत असू द्या, म्हणजे ठरवणं सोपं जाईल.

मराठी चित्रपटाचं भवितव्य शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांत ठरतं. शनिवार-रविवारी खुर्च्या रिकाम्या दिसल्या की सोमवारपासून शो कमी होतात. उरलेला शो दुपारी साडेबाराचा. नोकरीधंद्यातला माणूस तेव्हा जाणार कसा? मग 'प्रेक्षकच येत नाहीत' म्हणून तोही काढतात. २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सना प्राइम टाइममध्ये मराठी चित्रपट दाखवायला सांगितलं, पण प्राइम टाइम म्हणजे दुपारी १२ ते रात्री ९ असा रुंद धरला गेला, त्यामुळे साडेबाराचा शोसुद्धा नियमात बसतो. जुलै २०२५ मध्ये हिंदी 'सैयारा'च्या लाटेत 'येरे येरे पैसा ३'चे शो कमी झाले, तेव्हा त्यावरून राजकीय पक्षांपर्यंत गदारोळ गेला.

सगळा दोष हिंदीवर ढकलूनही चालत नाही. १२ सप्टेंबर २०२५ च्या एकाच शुक्रवारी 'दशावतार', 'आरपार' आणि 'बिन लग्नाची गोष्ट' असे तीन मराठी चित्रपट आले. तिन्ही बघणारं घर कुठे सापडणार? निर्मात्यांनी आपापसांत तारखा बोलून घेतल्या असत्या तर तिघांचंही बरं झालं असतं.

म्हणून माझा नियम असा: 'स्थळ', 'साबर बोंडं' यांच्यासारखा लहान चित्रपट बघायचा मनात असेल तर पहिल्या शनिवार-रविवारी जाते, कारण दुसरा मिळेलच याची खात्री नसते. 'दशावतार'सारख्या मोठ्याला थांबले तरी चालतं. खर्चाचं म्हणाल तर बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये मंगळवारी तिकीट स्वस्त असतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. त्याहून महाग तिकिटाला मात्र १८ टक्के कायम. पॉपकॉर्नबद्दल मी काहीच बोलत नाही.

परीक्षणं आणि स्टार बघून ठरवू का?

प्रीमियरला गेलेल्या कलाकारांच्या व्हिडिओंकडे दुर्लक्ष करा. त्यात आजवर कुणी 'बरा आहे' एवढंही म्हटलेलं मी ऐकलं नाही, सगळे 'निःशब्द' असतात. साडेतीन स्टार म्हणजे मराठी परीक्षणात 'नाराज करायचं नाही' अशी खूण आहे.

एकच परीक्षक धरा, त्याचं सलग दहा-पंधरा चित्रपटांबद्दलचं वाचा. त्याचं तुमच्याशी कायम जुळत नसेल तरी उपयोग होतो. एका वर्तमानपत्रातल्या परीक्षकांना संथ चित्रपट सहन होत नाहीत. त्यांनी 'रटाळ' लिहिलं की मी तिकीट काढते.

आम्ही परदेशात आहोत. इथे लागतो का?

मोठे चित्रपट अमेरिका, ब्रिटन, आखातात लागतात, पण बहुधा एका शनिवार-रविवारी, दूरच्या एखाद्या थिएटरला. पुष्कळदा स्थानिक महाराष्ट्र मंडळच शो ठरवतं, तेव्हा मंडळाच्या निरोपांवर लक्ष ठेवा. लहान चित्रपटांसाठी महोत्सव किंवा ओटीटी.

मराठी नसलेल्या मित्रांना दाखवायला काय निवडू?

पहिल्यांदाच बघणार असतील तर 'वाळवी'. रहस्य आणि विनोद उपशीर्षकांतूनही पोचतो. 'आत्मपॅम्फ्लेट' नको, त्यात वाचत बसावं लागतं आणि चित्र सुटतं.

त्यांना मराठी मुलूख दाखवायचा असेल पण भाषेची अडचण नको असेल, तर अविनाश अरुण यांचा हिंदी 'थ्री ऑफ अस' (२०२३). 'किल्ला' करणारे तेच. स्मृती हरवत चाललेली बाई वेंगुर्ल्याला आपलं लहानपण शोधायला येते. तसाच पायल कपाडियांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट', २०२४ मध्ये फ्रान्समधल्या कान महोत्सवात ग्रां प्री पुरस्कार मिळालेला. भाषा बहुतांशी मल्याळम, पण छाया कदम यांची पार्वती मुंबईतली खोली सोडून रत्नागिरीकडे आपल्या गावी परतते आणि चित्रपटाचा सगळा उत्तरार्ध तिच्या मागोमाग कोकणात उतरतो.

आवडला नाही तर मध्येच उठून जाता का?

थिएटरमध्ये नाही, पैसे दिलेले असतात. घरी पंचवीस मिनिटं देते. 'स्थळ'ला मात्र तिसऱ्या पाहुण्यांपर्यंत थांबा.